गंधार मोकळा ठेवणारी गिटार

(दृश्य: नाशिकच्या गंगापूर रोडवरचं एक घर. गिटारवर उजवा हात, अगदी जवळून.)

गिटार वाजताना आपली नजर डाव्या हातावर जाते. बोटं कुठल्या पडद्यावर गेली, कॉर्ड कशी बदलली, तिकडे लक्ष. फिंगरस्टाइल, म्हणजे पिकऐवजी (तार छेडायच्या पातळ पत्रीऐवजी) बोटांनी वाजवलेली गिटार ऐकताना नजर उजव्या हाताकडे वळवा, त्यातही अंगठ्याकडे.

तीन जाड तारा अंगठ्याच्या ताब्यात. उरलेल्या तीन तर्जनी, मधलं बोट आणि अनामिका वाटून घेतात. पिक नाही, नखं आणि बोटांची टोकं. अंगठा जाड तारांवर आलटून पालटून खर्ज चालवतो, वर बोटं चाल काढतात. अमेरिकेतल्या केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाने ही पद्धत इतकी गाजवली की तिला 'ट्रॅव्हिस पिकिंग' हेच नाव पडलं. वाजवणारी एकटी, पण डोळे मिटून ऐकलं तर दोघी बसल्यात असं वाटतं.

आता ती खुंट्यांना हात घालते. तारा मोजायच्या बारीक बाजूने. पहिली, दुसरी आणि सहावी, या तिन्ही तारा एकेक पूर्ण स्वर खाली. जाड तारेपासून वाचलं तर ई-ए-डी-जी-बी-ई होतं, त्याचं झालं डी-ए-डी-जी-ए-डी. गिटारवाले याला 'डॅडगॅड' म्हणतात. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या डेव्ही ग्रॅहम या गिटारवादकाने हे ट्यूनिंग रूढ केलं. मोरोक्कोत ऊद या अरबी तंतुवाद्याच्या वादकांच्या संगीताशी गिटार जुळवताना त्याला ते सापडलं.

(खुल्या तारा, जाड तारेपासून बारीकपर्यंत, सावकाश.)

डीला षड्ज माना. सा, प, सा, म, प, सा. गंधार, म्हणजे ग, कुठेच नाही! मेजर की मायनर हे गंधारावर ठरतं, आणि इथे तो निर्णय वाजवणारीच्या बोटावर सोडलाय. या ट्यूनिंगचं खरं सौंदर्य मला यातच दिसतं. 'ओपन डी' नावाचं दुसरं ट्यूनिंग आहे. त्यात तिसऱ्या तारेवर शुद्ध गंधार आधीच बसलेला असतो. ते गोड वाजतं, पण त्याची वाट ठरलेली.

अजून एक गोष्ट पाहा. ती फक्त चौथी तार छेडते आणि लगेच बोट ठेवून ती बंद करते. तरी स्वर राहतो. सहावी आणि पहिली तारही षड्जातच आहेत, त्या न छेडताच बोलू लागल्या. सतारीच्या तरफांचं, म्हणजे न छेडता आपोआप झंकारणाऱ्या तारांचं, काम इथे मुख्य तारा आपसांत करतात.

हे ऐकायला नाशिकच्या कानाला वेगळं शिकावं लागू नये. पौषात त्र्यंबकेश्वरला निवृत्तिनाथांच्या यात्रेला निघालेल्या दिंड्या याच शहरातून जातात. त्यांत विणेकरी असतो. तो चाल वाजवत नाही, स्वर धरून ठेवतो, आणि सगळी दिंडी त्या स्वरावर गाते. गायक द. वि. पलुसकरांचा जन्मही नाशिकचाच, १९२१ सालचा. त्यांच्या गळ्यातला निर्मळ षड्ज ज्यांनी ऐकलाय, त्यांना मागे तंबोरा काय करत असतो हे समजावून सांगायला नको.

(पहिली तार. तिसरा पडदा, मग चौथा.)

तिसऱ्या पडद्यावर कोमल गंधार, चौथ्यावर शुद्ध. खाली मध्यम-पंचम तेच, खर्ज तोच. तिसऱ्यावर थांबली की भीमपलासी रागाचा रंग येतो, चौथ्यावर गेली की खमाजाचा.

भीमपलासीचा गंधार मात्र सरळ दाबून लागत नाही, तो मध्यमावरून उतरत यायला हवा. म्हणून ती तिसऱ्या पडद्यावर तार आधीच मध्यमापर्यंत ओढते, छेडते आणि मग सैल सोडत आणते. एक स्वर उतरवल्यामुळे तार मऊ झालेली असते, त्यामुळे मींड, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, बरीच सोपी जाते. ट्यूनिंग बदलल्याचा हा फायदा फारसा कोणी सांगत नाही.

आणि मालकंस? त्यात पंचम वर्ज्य, आणि इथे तर दोन खुल्या तारा पंचमात. मालकंसाला तंबोऱ्याची पंचमाची तार मध्यमात लावतात. तिनेही तेच केलं. पाचवी आणि दुसरी तार एकेक स्वर खाली आणली: सा, म, सा, म, म, सा. हे ट्यूनिंग कुठल्या पुस्तकात शोधायची तिला गरज पडली नाही.

(मालकंसाची आलापी.)