१६६५ सालचं नकली पत्र

टेबलावर हे पत्र. मालिकेसाठी बनवलेलं, साल १६६५ धरून. कागद तपकिरी, कडा जळक्या, अक्षर मोडी. कॅमेऱ्यात झकास दिसतं. वाचायला घेतलं की ओळीगणिक कालविपर्यास.

जी वस्तू, शब्द किंवा रीत त्या काळी नव्हतीच, ती तिथे बसवली की तो कालविपर्यास. कालबाह्य म्हणजे निराळं. बोरू, म्हणजे टोक छाटलेली काडीची लेखणी, आज कालबाह्य आहे. १६६५ च्या पत्रात निबेच्या टाकाचा फराटा हा कालविपर्यास.

आता अस्सल मोडीचा हात पाहा. आधी कागदाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघ. मग त्या रेघेला अक्षरं टांगायची, हात न उचलता. शब्द कुठे संपला हे दाखवायला जागा सोडत नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळत नाहीत. बोरूचं टोक तिरकं छाटलेलं, त्यामुळे रेघेची जाडी हात वळेल तशी बदलते. निबेची फट दाबाने फाकते, म्हणून तिथे जाडी दाबानुसार बदलते. भिंगाखाली दोन्ही शेजारी ठेवा, लगेच कळतं.

नकली पत्रात प्रत्येक शब्दाला स्वतंत्र शिरोरेघ: ही बाळबोध, म्हणजे देवनागरी, गिरवलेल्या हाताची खोड. शिवाय पूर्णविराम, तो इंग्रजी अमदानीतला. कागद गिरणीचा, चहाच्या पाण्यात बुडवलेला. लाकडाच्या लगद्याचा कागद पिवळा पडतो, ठिसूळ होतो. तो एकोणिसाव्या शतकात आला. चिंध्यांचा जुना हातकागद पुष्कळदा याहून उजळ असतो.

सगळ्यात मोठी चूक मायन्यात. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकापासून मोजलेला ‘राज्याभिषेक शक’ सुरू झाला ६ जून १६७४ ला. १६६५ मध्ये तो येणार कुठून? तिथे सुहूर सन हवा, म्हणजे त्या काळच्या कागदांतली कालगणना. तो मृगाला बदलतो. इसवी सन काढायला मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवायचे, जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. आकडा अरबी शब्दांत लिहितात: ‘खमस सबैन अलफ’ म्हणजे १०७५. राज्याभिषेक याच सनातला. पुढे ‘छ’ लिहून मुसलमानी तारीख. ती चंद्रदर्शनापासून मोजतात, म्हणून शुद्ध द्वितीयेला साधारण छ १. तिथीशी एखाद्या दिवसाचा फरक चालतो, आठवड्याचा नाही.

वतनाच्या दाव्यात असा कागद पुढे आला, तर त्यावर संशय यायला एवढं पुरतं.

मात्र एक सांभाळायचं. जुन्या पत्राची मागाहून केलेली नक्कलही असते. तिचा कागद आणि वळण नंतरचं, मजकूर अस्सल. कालविपर्यास मजकुरात आहे की फक्त कागदावर, हे आधी वेगळं काढावं लागतं.