उशा माळ्यावर, बाळ उताणं

श्रोतेहो, नमस्कार.

लालबागच्या एका चाळीत, दुसऱ्या मजल्यावर, मी 22 दिवसांच्या एका बाळाला बघायला गेले होते. घरोघर जाऊन ओल्या बाळंतिणीची आणि बाळाची विचारपूस करायची, हेच माझं नोकरीतलं काम. दार उघडंच होतं. आत गेले तर बाळ कुठे दिसेना. दिवाणावर दिसत होत्या नुसत्या उशा. दोन्हीकडे लोड, पायाशी तक्क्या, डोक्याखाली मोहरीची उशी, अंगावर आत्यानं विणलेली लोकरीची शाल. महिना मे. आणि त्या सगळ्याच्या मधोमध बाळ पालथं निजलेलं, नाक उशीत.

आजी कौतुकानं म्हणाल्या, "बघा सिस्टर, कसं राजासारखं झोपलंय!"

मी आधी बाळाला उताणं केलं, मग बोलायला लागले. आजींचा चेहरा उतरला. "अहो, उताणं ठेवलं की दचकतं ते. आणि दूध नाकातोंडात गेलं म्हणजे?"

हे दोन प्रश्न मला प्रत्येक घरात विचारले गेले, वरळीच्या कोळीवाड्यात आणि हिंदू कॉलनीतही. म्हणून आज त्यांच्यापासूनच सुरुवात करते.

दुधाचं आधी. तुम्ही आत्ता जिथे असाल तिथे गळ्यावर हात ठेवा. पुढच्या बाजूला कडक, कड्याकड्यांची नळी लागते ना हाताला? ती श्वासनलिका. अन्ननलिका तिच्या मागे, पाठीकडे. आता विचार करा, बाळ उताणं आहे. श्वासनलिका वर, अन्ननलिका खाली. पोटातून दूध उलटून आलं तर ते खालच्या नळीच्या तोंडाशीच राहतं; वरच्या नळीत जायला त्याला चढ चढावा लागेल. बाळ पालथं केलं की उलटं होतं. श्वासनलिका खाली येते आणि उलटून आलेलं दूध तिच्या तोंडाशी साचू शकतं. दूध पाजल्यावर खांद्यावर घेऊन ढेकर काढा, जरा वेळ उभं धरा आणि मग बिनधास्त उताणं निजवा.

आता दचकणं. नवजात बाळ झोपेत एकदम हात फेकतं, बोटं पसरतं. हा त्या वयाचा स्वभाव आहे, चार-सहा महिन्यांत आपोआप जातो. पालथं बाळ दचकत नाही, गाढ झोपतं, हे आजींचं निरीक्षण अगदी बरोबर होतं. पण घोडं इथेच पेंड खातं. नाकासमोर कापड आलं, हवा कमी पडायला लागली, तर जागं व्हायचं, मान वळवायची, रडायचं, एवढंच बाळाच्या हातात असतं. पोटावर झोपलेल्या बाळाला ते जागं होणं जड जातं.

पुढचं रेडिओवर बोलावं की नाही, याचा मी बराच विचार केला. ऐकणाऱ्यांत कुणी आजच घरी आलेली बाळंतीण असेल. पण सांगायलाच हवं. काही धडधाकट बाळं रात्री निजतात आणि सकाळी उठत नाहीत, आणि सगळा तपास करूनही कारण सापडत नाही. डॉक्टर याला सिड्स म्हणतात. दुसऱ्या ते चौथ्या महिन्यात याचा धोका सर्वांत जास्त असतो, आणि असे बहुतेक मृत्यू सहा महिन्यांच्या आतच होतात. पाश्चात्त्य देशांत एके काळी डॉक्टरच बाळाला पालथं निजवा म्हणून सांगत. मग अभ्यासांतून चूक ध्यानात आली, 1991 मध्ये ब्रिटनमध्ये आणि 1994 मध्ये अमेरिकेत 'बाळाला पाठीवर झोपवा' अशा मोहिमा निघाल्या, आणि अमेरिकेत हे मृत्यू पुढच्या काही वर्षांत निम्म्याहून खाली आले. ना औषध, ना यंत्र. उलटं निजणारं बाळ सुलटं केलं.

कुशीवरसुद्धा नको. कुशीवरचं बाळ कलंडून पालथं होतं. पुढे ते स्वतःच दोन्हीकडे सहज वळायला लागलं, की रात्रभर जागून सरळ करत बसू नका. निजवताना मात्र उताणंच. आणि वळायची चिन्हं दिसली की दुपट्यात बांधून ठेवणं त्याच दिवशी बंद. तोवर बांधलंत तरी कमरेखाली सैल ठेवा, पाय हलले पाहिजेत.

"मग डोकं चपटं नाही का होणार?" हा सासूबाईंचा तिसरा प्रश्न. त्यासाठीच तर ती मोहरीची उशी. वर्षाच्या आत बाळाला कुठलीच उशी नको, मोहरीचीही नाही. एक दिवस बाळाचं तोंड उजवीकडे, दुसऱ्या दिवशी डावीकडे असं निजवा. आणि बाळ जागं असताना, कुणी समोर बसलेलं असताना, त्याला मुद्दाम पालथं घाला. सुरुवातीला दिवसातून दोन-तीनदा, तीन-चार मिनिटं. सातव्या आठवड्यापर्यंत दिवसाकाठी मिळून 15 ते 30 मिनिटं. मालिशवाल्या मावशी बाळाला पायांवर पालथं घेतात ना, त्याचाच हा विस्तार. मान लवकर धरतं.

आता जागेचं. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ सांगतात, पहिले निदान सहा महिने बाळ आईवडिलांच्या खोलीत असावं, पण वेगळ्या अंथरुणावर. पहिला भाग मुंबईला काय शिकवायचा! दहा बाय बाराच्या खोलीत बाळ दुसरीकडे जाणार कुठे? अडचण दुसऱ्या भागाची आहे. एका रांगेत सहा माणसं निजतात, त्यात आई थकलेली. अशा घरात मी एवढंच सांगते की आईच्या हाताच्या अंतरावर, जमिनीवर, बाळाची स्वतःची छोटी गादी घाला. आपली पिंजलेली, बसून कडक झालेली कापसाची जुनी गादी उत्तम. हातानं दाबून बघा, खळगा पडून राहता कामा नये. वर घट्ट खोचलेली चादर. बस. दोन मोठ्या माणसांच्या मधे बाळ नको, थोरल्या भावंडाच्या शेजारी तर नकोच. घरातल्या ज्या कुणी दारू घेतली असेल, झोप आणणारी गोळी घेतली असेल, त्यानं त्या रात्री बाळाच्या जवळ झोपू नये. विडी-सिगारेट ओढणाऱ्यानं तर कधीच नाही. बाळ दिवसांआधी झालेलं किंवा कमी वजनाचं असेल तर आणखी जपा.

सोफा-कम-बेड हे मुंबईचं लाडकं फर्निचर. पहाटे तीनला बाळाला घेऊन तिथे टेकायचं आणि दोघांचाही डोळा लागायचा, याच्याइतकं धोक्याचं काही नाही. पाठ आणि बैठक यांच्या फटीत बाळ सरकलं तर आवाजसुद्धा येत नाही. बसल्या बसल्या पेंग येतेय असं वाटलं तर सोफ्यापेक्षा जमिनीवरच्या गादीवर येऊन दूध पाजा. आणि हे वडिलांनाही लागू आहे. छातीवर बाळ घेऊन मॅच बघत झोपलेले बाबा फोटोत गोड दिसतात, पण तेवढ्या गोडव्यासाठी जीव टांगणीला लावू नये.

साडीची झोळी. तिच्याबद्दल काही बोललं की बायका माझ्यावर रागावतात. हलवत रडं शांत करायला झोळी चालेल, डोळ्यांसमोर असेल तर. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि तान्ह्या बाळाची श्वासाची वाट दुमडते. डोळा लागला की उचलून सपाट गादीवर. गळ्यातला काळा दोरा, ताईत, टोपड्याची बंदं, लाळेरं, हेही झोपेआधी काढा. टोपड्यानं अंग तापतं, कारण तान्ह्या बाळाची बरीच उष्णता डोक्यावाटे बाहेर पडते. हातपाय गार लागले म्हणून कपडे चढवू नका. मान आणि छाती हाताला कशी लागते ते बघा. पंखा लावा, बाळाला पंखा बाधत नाही.

शेकशेगडीचं थोडक्यात. बाळंतिणीच्या बंद खोलीत निखारे ठेवले की विषारी वायू साचतो, त्याला ना वास, ना रंग. ओवा-वावडिंगाची धुरी आणि मच्छर अगरबत्तीचा धूर बाळाच्या फुफ्फुसाला सारखाच. पावसाळ्यात डास आवरत नाहीत, हे मलाही माहीत आहे, मी धारावीत पंधरा पावसाळे काम केलंय. मच्छरदाणी लावा, ताणून, बाळाच्या चेहऱ्यावर पडणार नाही अशी.

आणि झोपेचं औषध? त्याला या शहरात मोठा इतिहास आहे. 1920 च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई सरकारसाठी डॉ. बार्न्स या डॉक्टरबाईंनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली. त्यांच्या 100 पैकी 98 बाळांना अफू दिली जाते, असं त्यांनी नोंदवलं. 'बाळा गोळी' म्हणत तिला. आई भोंग्यावर कामाला जाणार, बाळ सांभाळायला कुणी नाही, म्हणून. मी त्या बायांना नावं ठेवणार नाही. पण आज गुटीत जायफळ जास्त उगाळणं किंवा सर्दीचं औषध 'झोप लागावी म्हणून' चमचाभर देणं हे त्याच गोळीचं नातलग आहे. सर्दीच्या नेहमीच्या एका मिश्र औषधावर 'चार वर्षांखालील मुलांना देऊ नये' असं छापायचा आदेश 2023 मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांनी काढला, तो उगाच नाही.

बाळाची झोप तुकड्यातुकड्यांचीच असते. पहिल्या तीन महिन्यांत दिवसभरात 14 ते 17 तास, पण सलग दोन-तीन तासच. दिवस आणि रात्र यांतला फरक शरीराला कळायलाच त्याला दोन-तीन महिने लागतात. दिवसा खिडकी उघडी, लोकलचा आवाज, बोलणं चालू. रात्री दिवा मंद, दूध पाजताना गप्पा नाहीत. रात्री दोनदा उठलं म्हणजे दूध पुरत नाही असं नव्हे. अंगावरचं दूध चालू ठेवा, त्यानं सिड्सचा धोकाही कमी होतो. दुधाबाबत शंका असेल तर रुग्णालयात विचारा. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी 1989 मध्ये आपल्या शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातच डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. आणि आईला दिवसातून एकदा तरी सलग झोप मिळू द्या. तेवढा वेळ बाळ बाबांकडे, जागे असलेल्या बाबांकडे. पंधरा दिवस उलटून गेले तरी रडू आवरत नसेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, तर 14416 वर फोन करा. मनाच्या आरोग्यासाठीची मदतवाहिनी आहे ती, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.

लालबागच्या त्या घरी मी तीन आठवड्यांनी परत गेले. बाळ जमिनीवर, कडक गादीवर, एका झबल्यात, उताणं, हात फेकून. दचकलं, ओठ मुडपले, परत झोपलं. दिवाणावर एकही उशी नव्हती. मी वर बघितलं तर माळ्यावर, गणपतीच्या मखराशेजारी, लोड-तक्क्ये सगळे एका चादरीत बांधलेले.

आजी म्हणाल्या, "पाहुणे आले की काढते. पण ती मोहरी मात्र मी फोडणीला घेतली हं."