न्यू रॉस : भरतीच्या पाण्यावर वाढलेलं गाव

(दृश्य : भरतीची बॅरो नदी, धक्क्याला लागलेलं तीन डोलकाठ्यांचं जहाज)

आयर्लंडच्या आग्नेय भागात, वेक्सफर्ड परगण्यात, बॅरो नदीच्या काठी न्यू रॉस वसलंय. समुद्र इथून दिसत नाही, पण भरतीचं पाणी थेट धक्क्यापर्यंत चढतं. त्या पाण्यावरच गावाचं नशीब ठरत आलं. सुमारे आठशे वर्षांपूर्वी विल्यम मार्शल हा नॉर्मन सरदार आणि त्याची पत्नी इझाबेल यांनी इथे बंदर उभारलं. १२६५ साली गावाने तटबंदी बांधायला घेतली. त्या बांधकामावर रचलेलं जुनं फ्रेंच काव्य आजही टिकून आहे. एकेका धंद्याच्या लोकांनी वार वाटून घेतले होते, आणि रविवारी बायका दगड वाहायच्या, असं त्यात वर्णन आहे. याच तटाच्या थ्री बुलेट गेटपाशी ५ जून १७९८ रोजी आयरिश बंडखोरांची सरकारी फौजेशी लढाई झाली. बंडखोर हरले.

पण न्यू रॉसला यायचं ते मुख्यतः या जहाजासाठी.

(दृश्य : अरुंद जिना, खालचा मजला)

हे डनब्रॉडी. मूळ जहाज १८४५ साली कॅनडातल्या क्वेबेकमध्ये बांधलं गेलं, ही त्याची हुबेहूब प्रतिकृती. १८४५ म्हणजे बटाट्यावर करपा पडला तेच वर्ष. गरिबाच्या ताटात दुसरं काही नव्हतं. त्यानंतरच्या वर्षांत दहा लाखांच्या आसपास माणसं दगावली, आणि त्याच काळात आयर्लंडच्या बंदरांतून धान्य बाहेर जात राहिलं. हे वाचून माहीत असलं, तरी इथे उभं राहिल्यावर संताप होतो.

डनब्रॉडी मालवाहू जहाज. कॅनडातून लाकूड यायचं, आणि परतीला माणसं भरली जायची. या फळ्या नीट पाहा. जेमतेम सहा फूट लांब, तेवढ्याच रुंद. एकेका फळीवर अख्खं कुटुंब झोपायचं. वादळ उठलं की वरची झाकणं बंद. मग खाली ना उजेड, ना वारा. आजारी माणूस आणि तान्हं मूल शेजारीशेजारी. अटलांटिक ओलांडायला कित्येक आठवडे लागत. १८४७ साली क्वेबेकजवळच्या ग्रोस आइल बेटावर, विलगीकरणाच्या छावणीत, हजारो आयरिश माणसं तापाने गेली. जुन्या वेशातले कलाकार इथे त्या प्रवाशांच्या तोंडून हे सांगतात. लहान मुलंही गप्प होऊन ऐकतात.

(दृश्य : धक्क्यावरचा केनेडींचा पुतळा)

त्या दुष्काळाच्या वर्षांत जवळच्या डंगन्सटाउनचा पॅट्रिक केनेडी याच गावातून निघाला. बॉस्टनला जाऊन त्याने लाकडी पिंपं बांधायचं काम धरलं. जून १९६३ मध्ये त्याचा पणतू, अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी, या धक्क्यावर बोलायला उभा राहिला. पणजोबा गेले नसते, तर मीही समोरच्या खत कारखान्यात कामाला असतो, असं तो म्हणाला आणि गर्दी खळाळून हसली. नंतर तो डंगन्सटाउनला नातेवाइकांकडे चहाला गेला.

ते शेत गावापासून गाडीने थोडक्याच अंतरावर आहे आणि पाहायला खुलं आहे. आधी जहाज पाहा, मग तिथे जा. त्या अंगणातून माणूस का निघाला, हे जहाजाच्या तळात उतरल्यावरच नीट कळतं.