इतिहासाच्या तासाला गेम

हे यंत्र बघा, याला टेलिटाइप म्हणायचे. स्क्रीन नाही, माउस नाही. टाइप केलेलं फोनच्या लाइनवरून लांबच्या मोठ्या कम्प्युटरला जायचं आणि उत्तर कागदाच्या रोलवर खडखड छापून यायचं. साल 1971, अमेरिकेतलं मिनियापोलिस, आणि आठवीची पोरं इतिहासाच्या तासाला याच्याभोवती गर्दी करून उभी!

डॉन रॉविच हा शिकाऊ शिक्षक. 1847 च्या सुमाराला लोक बैल जुंपलेल्या गाड्या घेऊन अमेरिकेच्या मध्यातल्या मिझुरीहून पश्चिमेच्या ओरेगॉनपर्यंत तीनेक हजार किलोमीटर कसे गेले ते त्याला शिकवायचं होतं, तर तो पुठ्ठ्यावर खेळ आखत बसलेला, तेवढ्यात रूममेट बिल हाइनमन आणि पॉल डिलनबर्गर म्हणाले अरे हे कम्प्युटरवर भारी होईल, आणि दोनेक आठवड्यांत गेम तयार. नाव ओरेगॉन ट्रेल.

पैसे ठरलेले, त्यातच बैल, धान्य, कपडे, काडतुसं. शिकारीला 'बँग' हे इंग्रजीत पटकन आणि बिनचूक टाइप करायचं, उशीर झाला की शिकार गेली. मग पोरांनी आपणहून कामं वाटून घेतली, ज्याचा हात चालतो तो टायपिंगला, एक नकाशावर, एक हिशोबाला. धड्याखालचे प्रश्न सोडवताना असं होतं का कधी?

सत्र संपलं, प्रोग्रॅम काढून टाकला, पण रॉविचने कोड कागदावर छापून जपून ठेवला होता. 1974 मध्ये तो मेकमध्ये लागला, म्हणजे शाळांपर्यंत कम्प्युटर पोचवायला मिनेसोटा राज्याने वर्षभर आधी काढलेली संस्था, आणि तिथे त्याने तो कोड परत टाइप केला. यावेळी त्याने प्रवाशांच्या खऱ्या डायऱ्या वाचल्या, आजारपण किती वेळा, गाडी कुठे मोडते, हवा कधी बिघडते, त्या हिशोबाने गेममध्ये संकटं घातली. मूळ रहिवाशांनी प्रवाशांना वाट दाखवली, खायला दिलं, हेही डायऱ्यांत होतं, तेही गेममध्ये आलं. हे मला फार मोलाचं वाटतं.

आणि हा गेम राज्याच्या नेटवर्कवर होता, म्हणजे जोडलेली कुठलीही शाळा, खेड्यातली का असेना, खेळू शकायची, सरकारी खर्चाने, पाठ्यपुस्तकासारखी. पुढे अ‍ॅपल टू या छोट्या कम्प्युटरवर आला, देशभर गेला, 1991 मध्ये मेक खासगी गुंतवणूकदारांना विकली गेली.

आपल्याकडे बालभारतीने पानिपतची मोहीम अशी करावी ना! सोबत यात्रेकरू, यमुनेला पूर, रसद तुटलेली, पत्रं आणि बखरी तर आहेतच.