पायाला मुंग्या आणि ताकदीची सुई

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या खानदेशातल्या कुठल्याही दवाखान्यात थोडा वेळ बसलात तर एक वाक्य हमखास कानावर पडेल. "डाक्टर, पायले मुंग्या येतस." आणि लगेच पुढचं, "एक ताकदनी सुई देई द्या."

ही ताकदीची सुई म्हणजे बहुतेक वेळा बी-१२ या जीवनसत्त्वाचं लाल इंजेक्शन असतं. त्याला माझा विरोध नाही. ज्याला गरज आहे त्याला त्याच्याइतकं स्वस्त आणि गुणकारी औषध क्वचितच मिळेल. माझं भांडण आहे ते तपासणीच्या आधी सुई टोचून घेण्याशी. एकदा इंजेक्शन झालं की रक्तातली पातळी वर जाते, रिपोर्ट छान दिसतो आणि मूळ दुखणं काय होतं ते कुणालाच कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी पेशंट पुन्हा त्याच बाकावर येऊन बसतो.

बी गटात एकूण आठ जीवनसत्त्वं आहेत. बाकीची धान्य, डाळी, भाज्यांतून थोडीफार मिळत राहतात. रावेर-यावलच्या केळीत बी-६ चांगलं असतं, कळण्याच्या भाकरीत ज्वारीसोबत उडीद येतो, तोही फायद्याचाच. बी-१२ चं मात्र गणित निराळं. ते झाडं बनवतच नाहीत, फक्त सूक्ष्म जंतू बनवतात. आपल्याला ते दूध, दही, अंडी, मांस, मासे यांतून मिळतं. भरीत, शेवभाजी, ठेचा, वरण-बट्टी कितीही चापून खाल्लं तरी त्यातून बी-१२ मिळत नाही. "आम्ही दूध घेतो ना!" असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, किती? तर चहापुरतं. रोजची गरज मायक्रोग्रॅममध्ये, म्हणजे दोन-अडीचच्या आसपास, पण चहातल्या दोन चमचे दुधात तीही भागत नाही. शिवाय दूध फार वेळ उकळत ठेवलं की त्यातलं बी-१२ घटतं.

आपल्याकडे माळकरी घरं भरपूर. मुक्ताईच्या दिंडीत चालणारी कितीतरी मंडळी वर्षानुवर्षं मांसाहाराला शिवत नाहीत. यकृतात बी-१२ चा साठा असतो आणि तो काही वर्षं पुरतो. म्हणून माळ घातल्यावर पहिली दोन-तीन वर्षं काही जाणवत नाही आणि पुढे त्रास सुरू झाला की त्याचा संबंध खाण्याशी कुणी जोडत नाही. वय झालं, ऊन बाधलं, कपाशी वेचून पाय भरून आले, अशी कारणं तयारच असतात. आता भुसावळला मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेल्यावर थकवा येणारच. पण पावसाळा सरून दिवाळी आली तरी तो गेला नसेल, तर उन्हाला दोष देऊन चालणार नाही.

मांसाहारी माणसालाही ही कमतरता होते. खाल्लेलं बी-१२ अंगी लागायला पोटातलं आम्ल लागतं, जठरातून स्रवणारं एक खास प्रथिन लागतं आणि शेवटी लहान आतड्याचा अखेरचा भाग धड लागतो. यातलं काहीही बिघडलं की अडचण. मधुमेहासाठी वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन घेणारे, ॲसिडिटीची गोळी रोज सकाळी चहाआधी घेणारे, जठराचं ऑपरेशन झालेले, आतड्याचा क्षयरोग होऊन गेलेले, साठी ओलांडलेले, या सगळ्यांनी सावध राहावं. मधुमेहींचा तर फार घोळ होतो. पायाच्या मुंग्या साखरेमुळेच, असं धरून चालतात आणि बी-१२ बघायचं राहून जातं. दोन्ही कारणं एकाच माणसात असू शकतात.

लक्षणं कशी ओळखायची? दोन्ही तळपायांना एकसारख्या मुंग्या, चप्पल पायातून निसटली तरी न कळणं, जीभ लालभडक आणि गुळगुळीत होणं, तिखट झोंबणं, वारंवार तोंड येणं, धाप, चिडचिड, विसरभोळेपणा. हाताच्या बोटांच्या पेरांवर, सांध्यांच्या वर, काळपटपणा येतो तोही बघा. बायका तो भांड्याच्या राखेवर किंवा साबणावर ढकलतात. आणखी एक खूण मी आवर्जून विचारतो. मोरीत उभं राहून तोंडाला साबण लावला, डोळे मिटले, की तोल जातो का? भिंतीला हात टेकवावा लागतो का? डोळे उघडे असताना नजर आपल्याला सावरून धरते. डोळे मिटले की पाय कुठे आहेत हे फक्त नसांनी सांगायचं असतं, आणि त्या नसांचं आवरण, मोटारीच्या वायरवरच्या रबरासारखं, बी-१२ अभावी खराब होत असतं. फार उशीर झाला तर हे नुकसान पूर्ण भरून निघत नाही.

तान्ह्या बाळांकडे विशेष लक्ष द्या. आईलाच बी-१२ कमी असेल तर तिच्या दुधातही ते कमी उतरतं. सहा महिन्यांनंतर, वरचं खाणं नीट सुरू न झालेलं बाळ फिकट दिसतं, हसायचं-बसायचं विसरतं, केस विरळ आणि भुरे होतात, हात थरथरतात. असं बाळ अंगारे-धुपारे करत घरी ठेवू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा.

आता तपासणी. सुरुवात साध्या सीबीसीने, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीने करा, ती ग्रामीण रुग्णालयातही होते. त्यात एमसीव्ही नावाचा आकडा असतो, तांबड्या पेशींचा आकार सांगणारा. तो १०० च्या वर असेल तर बी-१२ किंवा फॉलिक आम्ल (हेही बी गटातलंच एक जीवनसत्त्व) कमी असल्याची शंका घ्यायची. पण तो ठीक असला म्हणजे सुटलो असं नाही. लोह कमी असलं की पेशी लहान होतात, बी-१२ कमी असलं की मोठ्या. दोन्ही कमी असली की आकडा मध्येच, साळसूद दिसतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे नेहमीचं. म्हणून लक्षणं असतील तर बी-१२ ची पातळी मोजून घ्यावी. एका मिलिलिटर रक्तात २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे साधारणपणे कमतरता. २०० ते ३०० मध्ये असेल तर डॉक्टर होमोसिस्टीन किंवा मिथाइलमॅलोनिक आम्ल, म्हणजे बी-१२ कमी पडलं की रक्तात वाढणारे घटक, तपासायला सांगतील. केस-नखांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा, काही यंत्रांचे आकडे त्याने चुकतात.

फॉलिक आम्लावरून आठवलं. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरणीकामगार गरोदर बायांच्या पंडुरोगावर त्यांना यीस्टच्या अर्काचा गुण दिसला. त्यातला घटक म्हणजेच पुढे फॉलिक आम्ल ठरला. मोठंच काम. पण नुसत्या फॉलिकने रक्त सुधारतं आणि बी-१२ अभावी नसांचं नुकसान आत चालूच राहतं. आशाताईंनी दिलेल्या लोह-फॉलिकच्या गोळ्या मात्र बंद करू नका. मुंग्या असतील तर सोबत बी-१२ तपासून घ्या.

चालताना तोल जात असेल, पायातली ताकद कमी झाली असेल, तर रिपोर्टची वाट बघत बसायचं नाही. आधी रक्ताचा नमुना, मग त्याच दिवशी उपचार, असं डॉक्टरांना सांगा. बाकीच्यांना दोन-तीन दिवस थांबून काही बिघडत नाही.

माळकऱ्यांना एक शंका हमखास असते, हे औषध प्राण्यापासून तर बनवत नाहीत ना? बी-१२ जंतूंच्या किण्वनातून तयार करतात, त्यासाठी प्राणी मारावा लागत नाही. मात्र कॅप्सूलचं कवच जिलेटिनचं असू शकतं, म्हणून औषधवाल्याकडे साधी गोळी मागा. बऱ्याच लोकांना रोजच्या मोठ्या डोसच्या गोळीनेही गुण येतो, सुईच लागते असं नाही. किती आणि किती दिवस, ते तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं. जीभ आठवड्या-दोन आठवड्यांत सुधारते, मुंग्यांना काही महिने लागतात. सुरुवातीला त्या वाढल्यासारख्याही वाटू शकतात. तेवढ्यावरून गोळ्या सोडू नका, आणि पुढच्या खेपेला येताना उपचाराआधीचा रिपोर्ट सोबत आणा.