तपासतो म्हणजे नक्की काय करतो?

आवाज मागपर्यंत येतोय ना? मग ठीक. विषय तुम्ही बोर्डवर वाचलाच असेल, एक्झामिन, इन्स्पेक्ट, इन्व्हेस्टिगेट, स्क्रूटिनाइझ, प्रोब, यातला कुठला शब्द कधी वापरायचा. येतो, त्याच्यावर येतो. पण आधी माझं एक दुखणं ऐकून घ्या. खरं सांगायचं तर ते सांगायलाच मी आलोय, शब्द हे निमित्त.

माझी बॅग हरवली होती. विमानाने गेलो, मी पोचलो, बॅग नाही पोचली. निळी बॅग, मुठीला हिरवी नाडी बांधलेली, लांबून ओळखू यावी म्हणून. कंपनीचं नाव घेत नाही, उगाच त्यांची जाहिरात. तक्रार नोंदवली, दुसऱ्या दिवशी ईमेल आलं, वी आर लुकिंग इन्टू इट. छान वाटलं. पाचव्या दिवशी आलं की एन्क्वायरी सुरू आहे. नवव्या दिवशी, संबंधित टीम इन्व्हेस्टिगेट करतेय. आता मी आयुष्यभर भाषांतरं केलेला माणूस, मला तर आनंदच झाला, म्हटलं वा, शब्द चढत चाललेत, प्रकरण वर सरकतंय! चौदाव्या दिवशी, आमच्या रेकॉर्डच्या थरो एक्झामिनेशननंतर बॅग आढळली नाही. आणि विसाव्या दिवशी, केस अंडर रिव्ह्यू. मी ही सगळी ईमेलं घरी वाचून दाखवायचो तर बायको म्हणाली, तुम्ही बॅगेची वाट बघताय की पुढच्या क्रियापदाची?

तेविसाव्या दिवशी उठलो आणि गेलो. हरवलेल्या सामानाच्या खोलीबाहेर एक मुलगा बसलेला, बिचारा सज्जन होता, त्याने नंबर टाकला आणि म्हणाला, सर, सिस्टीममध्ये चेक केलं, नाहीये. मी म्हटलं, बाळा, मी आत जाऊन बघू का? तो म्हणाला, बघा की. तिसऱ्या फळीवर, खालून दुसरी, हिरवी नाडी लोंबतेय! टॅग दुमडून बॅगेच्या खाली गेला होता, म्हणून स्कॅन झाला नव्हता, बास, एवढंच. चार मिनिटं लागली नाहीत. म्हणजे तेवीस दिवसांत पाच भारीभारी शब्द वापरून झाले आणि एकही माणूस खुर्चीवरून उठला नव्हता.

परत येताना टॅक्सीत मला जे सुचलं ते हे, की तपासण्याचे जे जे इंग्रजी शब्द आहेत ना, त्यातल्या बहुतेकांच्या पोटात शरीराची एक हालचाल दडलेली आहे. कुणी चालतंय, कुणी वाकतंय, कुणी ऐकतंय, कुणी उचकतंय. ती हालचाल गेली की शब्द नुसता ईमेलात शोभतो.

इन्व्हेस्टिगेटच घ्या. लॅटिनमध्ये वेस्टीजियम म्हणजे पाऊल, पायाचा ठसा. शिकारी जमिनीवर उमटलेली पावलं बघत बघत जायचा, ते इन्व्हेस्टिगेट. आपण काय म्हणतो? माग काढणं, मागोवा घेणं! तंतोतंत तेच चित्र, दोन्ही भाषांनी एकमेकींना न विचारता काढलेलं. वेस्टिज हा शब्दही तिथलाच, उरलेली खूण. आणि स्लूथ, म्हणजे गुप्तहेर, तो तर थेट कुत्र्यावरून आलाय. जुन्या नॉर्समध्ये त्या शब्दाचा अर्थ माग, स्कॉटलंडात माग काढणाऱ्या कुत्र्याला स्लूथहाउंड म्हणायचे, पुढे अमेरिकेत हाउंड गळाला आणि स्लूथ माणसाला चिकटला. (हसू नका, ही बढती आहे.) क्लू म्हणजे सुताचा गुंडा. ग्रीक गोष्टीत थिसिअस भुलभुलैयात शिरतो तेव्हा अ‍ॅरिअ‍ॅड्नी त्याला सूत देते, ते सोडत आत जायचं आणि गुंडाळत बाहेर यायचं. आपणही धागेदोरे सापडले म्हणतोच की. डिटेक्ट म्हणजे झाकण काढणं, छप्पर उचलून बघणं. लंडनच्या पोलिसांनी 1842 मध्ये डिटेक्टिव्हांची वेगळी शाखा काढली तेव्हा तिच्यात दोन इन्स्पेक्टर आणि सहा सार्जंट होते. आठ माणसं, अख्ख्या लंडनची छपरं उचलायला!

एक्झामिन. हा माझा लाडका. लॅटिन एक्झामेन म्हणजे तराजूचा काटा, मधला, जो थरथरतो आणि मग स्थिर होतो तो. एक्झामिन करणं म्हणजे तोलणं, काटा थांबेपर्यंत थांबणं. एसे, म्हणजे निबंध, आणि अ‍ॅसे, म्हणजे सोन्याचांदीचा कस बघणं, हे दोघेही याच तोलण्याच्या घरातले. आपल्या परीक्षेत मात्र तराजू नाही, परि अधिक ईक्ष्, चहूबाजूंनी बघणं. आता तुम्हीच सांगा, मुलांना एक्झाम परवडेल की परीक्षा?

कस निघालाच आहे तर टेस्ट. टेस्ट म्हणजे मुळात मातीचं भांडं. हाडांच्या राखेच्या वाटीत अशुद्ध चांदी शिशाबरोबर तापवायची, शिशाचा गंज इतर हिणकस घेऊन राखेत मुरतो आणि वर चांदीचा मणी राहतो. आपली कसोटी दगडाची, त्यांची टेस्ट भांड्याची, कारागीर तोच.

स्क्रूटिनी ऐकायला किती सुटाबुटातला शब्द, पण त्याचं मूळ सांगतात ते स्क्रूटा, म्हणजे चिंध्या, भंगार. ढिगात हात घालून एकेक चिंधी बाजूला करत काही सापडतंय का बघायचं. आपल्याकडे त्याला छाननी म्हणतात, म्हणजे आपण चाळणी लावतो, हात घाण करत नाही. ऑडिट म्हणजे ऐकणं. ऑडिओ, ऑडिटोरियम, सगळे भाऊभाऊ. हिशेब मोठ्याने वाचायचे आणि ऐकणारा कान देऊन बसायचा, कुठे अडखळला की पकडायचा. म्हणजे तुम्हीसुद्धा आत्ता ऑडिटच करताय माझं, ते मागचे दोघं सोडून. आणि ऑटॉप्सी! सगळ्यांना वाटतं मुडदा. ग्रीकमध्ये ऑटोस म्हणजे स्वतः आणि ऑप्सिस म्हणजे पाहणं. स्वतःच्या डोळ्यांनी पाहणं, एवढंच. तेवीस दिवसांच्या एन्क्वायरीनंतर मी त्या खोलीत जे केलं ते ऑटॉप्सी होतं, फक्त बॅग जिवंत निघाली.

आता चेक. हे माझं दुसरं दुखणं. हल्ली आपण काहीही चेक करतो. गॅस चेक कर, मेसेज चेक कर, तो खरं बोलतोय का चेक कर. हा शब्द आला कुठून? बुद्धिबळातून. फारसी शाह, म्हणजे राजा, तो अरबी, लॅटिन, जुनी फ्रेंच अशी वळणं घेत इंग्रजीत चेक झाला. राजाला चेक दिला की खेळ थबकतो, त्यावरून चेक म्हणजे अडवणं, आणि अडवून बघणं. आणि तोच शाह मराठीत काय झाला? शह! म्हणजे चेक आणि शह सख्खे भाऊ, एक लंडनला गेला, एक आपल्याकडे राहिला. इंग्रज सरकारी तिजोरीला एक्सचेकर म्हणतात तेही यातूनच, टेबलावर पटाच्या चौकटींचं कापड अंथरून हिशेब मांडायचे म्हणून. सांगायचं काय, तर चेकमध्ये थांबणं आहे. आपण चेक करतो ते न थांबता, अंगठ्याने.

चिठ्ठी आलीये. पाच मिनिटं. पाच? बरं. मग बोर्डवरचं भराभर सांगतो, लिहून घ्या.

वस्तू समोर आहे आणि नीट बघायचीये, एक्झामिन. वस्तू समोर आहे आणि नियमाशी ताडून बघायचीये, इन्स्पेक्ट, म्हणून तर इन्स्पेक्टरच्या हातात यादी असते. घडून गेलंय, समोर फक्त खुणा आहेत, इन्व्हेस्टिगेट. डॉक्टर बघा किती अचूक वापरतात, पोट दाबून बघतात ते एक्झामिनेशन, आणि चिठ्ठीवर रक्त, एक्सरे वगैरे लिहून देतात ती इन्व्हेस्टिगेशन्स, कारण आजार आत आहे, बाहेर त्याची पावलं. चूक सापडेलच अशा नजरेने ओळ न ओळ बघायची, स्क्रूटिनाइझ. प्रोब म्हणजे जखमेत घालायची सळई, आत खोचून बघणं, त्यामुळे तो शब्द दुखरा आहे. मथळ्यात सारखा दिसतो तो मात्र आखूड आहे म्हणून. ब्रिटिश वळणात ई ने एन्क्वायरी म्हणजे साधी विचारपूस, आय ने इन्क्वायरी म्हणजे रीतसर चौकशी, आणि माझ्या ईमेलात ई होता, तेव्हाच कळायला हवं होतं. इन्टू लावायचं ते लुक आणि इन्क्वायरला. इन्व्हेस्टिगेट अबाउट, एक्झामिन अबाउट कृपया कुणी लिहू नका, आपण मराठीत "बद्दल चौकशी" म्हणतो ना, ते बद्दल तिकडे घुसतं.

स्कॅन राहिला, रीसर्च राहिला, एकेका वाक्यात. स्कॅन म्हणजे एकेकाळी कवितेचे गण पाडणं, मग बारकाईने बघणं, आणि आता वरवर नजर टाकणं, अर्थ पार उलटा झाला. रीसर्चच्या पोटात सर्कल आहे, पुन्हापुन्हा घिरट्या घालणं, आणि आपलं संशोधन म्हणजे शुद्ध करणं, पीएचडीवाल्यांनी यातलं आपण काय करतो ते आपसांत ठरवावं.

झालं, बसतो. क्वेश्चन, क्वेरी, क्वेस्ट आणि इन्क्वायरी एकाच मुळाचे, तेव्हा विचारा बिनधास्त. फक्त बॅगेत काय होतं ते विचारू नका, ते कंपनीनेही विचारलं होतं, चार वेळा.