गोळीतून वाचलेली माणसं

संयोजकांनी फोनवर विषय विचारला तेव्हा मी म्हणालो, ‘गुंडांचं म्हातारपण’. पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "जरा बरं नाव द्या ना, पत्रिकेत छापायचंय." म्हणून तुमच्या हातातल्या पत्रिकेत ‘गुन्हेगारी चित्रपटांतील वार्धक्याचे दर्शन’ असं भारदस्त काहीतरी आलंय. ते फारसं मनावर घेऊ नका. विषय गुंडांचं म्हातारपण हाच आहे, आणि समोर बसलेल्यांचे केस बघता निम्म्या विषयाचे तज्ज्ञ तुम्हीच आहात.

एका प्रसंगापासून सुरू करतो. ऐंशीच्या आसपासचा एक माणूस काठीचा आधार घेत दुकानात येतो. दुकान शवपेट्यांचं. आपण सोफा घ्यायला गेलो की कसं, आधी हात फिरवून बघतो, मग भाव विचारतो, मग "यात काही कमी-जास्त?" तसंच सगळं चालतं. शेवटी हिरव्या रंगाची एक पेटी पसंत पडते. पेटी झाली, आता जागा. जमिनीत पुरलं की माणूस संपला, जाळलं की तर संपलाच. पण इमारतीत, भिंतीतल्या कप्प्यात ठेवलं तर तितकासा संपत नाही, असं या गृहस्थांचं गणित. आयुष्यभर दुसऱ्यांना संपवण्याची कामं घेतलेला हा माणूस स्वतःच्या बाबतीत अशी पळवाट शोधतोय. सिनेमा आहे मार्टिन स्कॉर्सेसीचा ‘द आयरिशमन’, 2019 चा. माणूस म्हणजे फ्रँक शीरन, आणि काम केलंय रॉबर्ट डी निरोनं.

हा प्रसंग गुंडांच्या सिनेमात यायला जवळजवळ 90 वर्षं लागली. ती का लागली हे आधी बघू.

अमेरिकन गुंडपट रुळला तो 1931-32 मध्ये. ‘लिटल सीझर’, ‘द पब्लिक एनिमी’, ‘स्कारफेस’, दोन वर्षांच्या आत आलेले हे तीन सिनेमे. तिन्हींतला नायक गल्लीतून वर येतो, भारी सूट शिवतो आणि शेवटी गोळ्या खाऊन मरतो. 1934 पासून हॉलिवूडची आचारसंहिता कडक झाली. गुन्ह्याचा फायदा होताना दाखवायचा नाही, गुन्हेगाराला शिक्षा झालीच पाहिजे. आता विचार करा, पडद्यावर गुंड सत्तरीला पोचला, नातवाला मांडीवर घेऊन बसला, तर त्याला शिक्षा काय झाली? सेन्सॉरच्या टेबलावर हे बसणारच नव्हतं. रॉबर्ट वॉर्शो नावाच्या समीक्षकानं 1948 मध्ये एका गाजलेल्या निबंधात मांडलं की गुंड मरतो तो यशस्वी होतो म्हणून. यश हाच त्याचा खरा अपराध. मला ते पटतं, पण वॉर्शोसमोर होते ते सगळे तरुण मेलेले गुंड. जो वाचला त्याचं काय, हा प्रश्न त्याच्यापुढे आलाच नव्हता.

आचारसंहिता 1968 मध्ये गेली आणि 1972 मध्ये ‘द गॉडफादर’ आला. त्यातला म्हातारा डॉन व्हिटो कॉर्लिओनी मरतो तो टोमॅटोच्या वाफ्यात. संत्र्याच्या सालीचे दात लावून नातवाला भिववतोय, मूल आधी घाबरतं, मग हसत पळतं, मागे धावता धावता हा कोसळतो. फार सुंदर मरण आहे ते. आपल्याकडे ‘सोनं झालं’ म्हणतात, तसलं. मार्लन ब्रँडो तेव्हा होता 47 वर्षांचा. गालांत खास बनवलेली दातांची पट्टी आणि चेहऱ्यावर मेकअपच्या सुरकुत्या. पण खरं सांगू? ते मरण मला थोडं खोटं वाटतं. इतक्या लोकांचं वाटोळं करून टोमॅटोच्या सावलीत मरायला मिळतं? बहुतेक दिग्दर्शक कपोलालाही ते टोचत असावं, कारण पुढचे दोन भाग त्याची वसुली मुलाकडून, मायकेलकडून, चालली आहे. त्याच्याकडे येतोच.

आधी ‘आयरिशमन’ नीट बघू. 209 मिनिटांचा सिनेमा. घरी बघताना आमच्याकडे मध्ये दोनदा चहा झाला. पहिले दोन-अडीच तास नेहमीचंच: ट्रकचालकांची बलाढ्य युनियन, तिचा पुढारी जिमी हॉफा, माफियाचा शांत म्होरक्या रसेल बुफालिनो, आणि दोघांच्या मध्ये फ्रँक. 30 जुलै 1975 ला खरा हॉफा डेट्रॉइटजवळच्या एका हॉटेलच्या पार्किंगमधून गायब झाला, तो आजतागायत सापडलेला नाही. आपणच त्याला मारलं असं खऱ्या शीरननं म्हातारपणी सांगितलं. त्याचा दावा बऱ्याच जाणकारांनी खोडून काढलाय. सिनेमा खऱ्याखोट्यात पडत नाही. हे सांगावंसं वाटणारा म्हातारा कसा असेल, एवढंच तो बघतो.

या सिनेमात स्कॉर्सेसी एक खोडी काढतो. एखादं दुय्यम पात्र ऐन रुबाबात पडद्यावर आलं की बाजूला अक्षरं उमटतात: नाव, आणि हा पुढे कधी, कसा मेला. याला घराबाहेर गाडीत गोळी घातली, त्याला बॉम्बनं उडवलं. माणूस हसत हात मिळवतोय आणि शेजारी त्याच्या निधनाची बातमी. आपल्या पेपरात सगळ्यात आधी निधनाचं पान उघडणारी मंडळी इथेही असतील, मीही त्यातलाच. या अक्षरांमध्ये एकच जण नैसर्गिक मरण आलेला भेटतो आणि थिएटरात हशा होतो. म्हणजे आजारानं मरणं हा या धंद्यात विनोदाचा विषय.

याच विनोदाचं दुसरं टोक शेवटी येतं. वृद्धाश्रमात एफबीआयची माणसं फ्रँकला भेटायला येतात. आता कोणीच उरलं नाही, निदान हॉफाच्या घरच्यांसाठी तरी बोला, म्हणतात. फ्रँक म्हणतो, माझ्या वकिलाशी बोला. तुमचे वकील वारले. फ्रँक दचकून विचारतो, "कोणी केलं?" उत्तर येतं, "कॅन्सरनं."

हा प्रश्न त्याच्या तोंडून किती सहज येतो बघा. आपल्याकडे कोणी गेलं की आपण विचारतो, काय झालं होतं हो? हा विचारतो, कोणी केलं? आयुष्यभराची सवय आहे ती. मरण म्हणजे कोणीतरी कोणाचं तरी केलेलं काम, ज्याला पत्ता असतो, हिशेब असतो. आता पेशी वाढतात, साखर वाढते, गुडघे जातात, आणि यामागे कोणीच नाही. सूड घ्यायचा तर कोणावर?

तुरुंगातला रसेल बघा. जो पेशी या नटानं हे काम इतकं हळू आवाजात केलंय की आवाज वाढवावा लागतो. सुरुवातीला हे दोघं पाव वाईनमध्ये बुडवून खातात, मित्रासारखे, थोडं चर्चमधल्या प्रसादासारखंही. तुरुंगात पुन्हा पाव आहे, पण दात गेलेत आणि वाईनच्या जागी द्राक्षाचा रस. मग एक दिवस रसेलला चाकांच्या खुर्चीतून चर्चकडे नेतात. जाता जाता तो फ्रँकला म्हणतो, हसू नकोस, तुलाही कळेल.

आता मुलगी. फ्रँकला चार मुली, त्यातली पेगी. लहान असताना किराणावाल्यानं तिला ढकललं म्हणून फ्रँक तिला हाताला धरून दुकानात नेतो आणि तिच्यासमोर त्या माणसाला फरफटत रस्त्यावर आणून तुडवतो. या प्रसंगात डी निरोचा चेहरा संगणकानं तरुण केलाय. गंमत म्हणजे लाथ मारणारा पाय मात्र पंचाहत्तरीचा दिसतो! कंबर जपून, तोल सांभाळून घातलेली लाथ. समीक्षकांनी यावर टीका केली. मला तो दोष सिनेमाला फळला असं वाटतं. ही सगळी कथा एक म्हातारा सांगतोय. आठवणीत आपला चेहरा तरुण असतो, गुडघे मात्र आजचेच. शिवाय याच डी निरोनं 1984 मध्ये सर्जिओ लिओनीच्या ‘वन्स अपॉन अ टाइम इन अमेरिका’मध्ये चाळिशीच्या आतबाहेर असताना मेकअप करून म्हातारा गुंड केला होता. इतकी वर्षं काय करत होतास, असं कोणी विचारतं तेव्हा तो सांगतो, लवकर झोपत होतो. तेव्हा तरुण नटाला म्हातारा करत होते, आता म्हाताऱ्याला तरुण करतात. दोन्हीकडे वय काही पुरतं लपत नाही.

पेगीकडे परत येतो. मोठेपणी हे काम अॅना पॅक्विननं केलंय आणि तिला जेमतेम एक-दोन वाक्यं आहेत. हॉफा नाहीसा झाल्याची बातमी टीव्हीवर चालू असताना ती वडिलांना विचारते, तुम्ही अजून त्याच्या बायकोला फोन का केला नाही? संपलं. त्यानंतर ती बापाशी बोलत नाही. ती बँकेत काम करते, तर म्हातारा काठी टेकत रांगेत उभा राहतो, तिच्या खिडकीशी पोचतो. ती ‘खिडकी बंद’ची पाटी ठेवते आणि निघून जाते. बँकेत मी 34 वर्षं काढली. ती पाटी मी हजारदा ठेवली असेल, जेवणाच्या सुट्टीला. तिच्यात एवढी ताकद असते हे मला तोवर कळलं नव्हतं.

वृद्धाश्रमात नर्स रक्तदाब घेत असते. फ्रँक तिला जुना फोटो दाखवतो: ही माझी मुलगी, आणि तिच्याबरोबर हा जिमी हॉफा. नर्सला हॉफा कोण ते माहीत नाही. एकेकाळी राष्ट्राध्यक्षांइतकाच ओळखला जाणारा माणूस! ज्या खुनानं फ्रँकचं घर गेलं, त्या खुनाचं महत्त्वच उरलेलं नाही. बाई पट्टा सोडते आणि म्हणते, रक्तदाब चांगला आहे.

इथे मला आठवतो तो अश्वत्थामा. आपण लहानपणापासून ऐकलंय: कपाळावर भळभळती जखम, दारोदार तेल मागत फिरतो. नंदुरबार जिल्ह्यात सातपुड्यात अस्तंबा डोंगर आहे, तिथे तो अजून राहतो असं मानतात, दिवाळीत यात्रा भरते. पण मूळ सौप्तिकपर्वातला शाप नीट वाचा. रात्री छावणीत शिरून झोपलेल्या पोरांना मारणारा हा माणूस; सुपारीच्या कामाहून वेगळं काय ते? कृष्ण त्याला मारत नाही. म्हणतो, तीन हजार वर्षं एकटा फिरशील आणि कोणाशीही तुझं बोलणं होणार नाही. जखमेचं सगळ्यांना लक्षात राहतं, या दुसऱ्या कलमाचं कोणाला राहत नाही. फ्रँकला नेमकं हेच कलम लागलंय. पाद्री येतो, विचारतो, त्या कुटुंबांसाठी काही वाटतं? हा मनात खोल हात घालून बघतो आणि हाताला काही लागत नाही. त्या बाईला मी केलेला फोन, एवढंच तो पुटपुटतो; खुनाबद्दल नाही, खून केल्यावर तिला धीर द्यायला केलेल्या फोनबद्दल. पश्चात्ताप झाला तर निदान सोबत तरी झाली असती.

मायकेल कॉर्लिओनीचं उलट आहे. 1990 च्या तिसऱ्या भागात त्याला पश्चात्ताप भरपूर होतो. मधुमेह झालाय, साखर उतरली की घाम फुटतो, संत्र्याचा रस नि गोळी खावी लागते. त्याच अवस्थेत तो एका कार्डिनलपुढे भावाच्या खुनाची कबुली देतो आणि ढसाढसा रडतो. उपयोग होत नाही; त्याच्यासाठी आलेली गोळी मुलीला लागते. ऑपेरा हाउसच्या पायऱ्यांवर मायकेल झालेला अल पचिनो तोंड वासून किंचाळतो आणि संकलक वॉल्टर मर्चनं त्या किंकाळीचा बहुतेक आवाजच काढून टाकलाय. मूळ सिनेमात मग म्हातारा मायकेल अंगणात खुर्चीवरून कोसळून मरतो, शेजारी कुत्रं. 2020 मध्ये कपोलानं सिनेमा पुन्हा कापला, नाव दिलं ‘मायकेल कॉर्लिओनीचा मृत्यू’ अशा अर्थाचं, आणि मृत्यूच काढून टाकला! मायकेल नुसता बसून राहतो. वर दीर्घायुष्याच्या सिसिलियन शुभेच्छेची ओळ येते. आशीर्वाद शाप म्हणून दिलाय. काटछाटीत एवढं धाडस फार कमी वेळा बघायला मिळतं.

आपल्याकडे काय? आपल्या सिनेमातला डॉन म्हातारा होतच नाही. ‘दीवार’मधला विजय 1975 मध्ये आईच्या मांडीवर गेला. तो हाजी मस्तानवर बेतलाय असं म्हणतात. खरा मस्तान त्यानंतर 19 वर्षं जगला, राजकारणात पाय टाकून पाहिला आणि 1994 मध्ये नैसर्गिक मरणानं गेला. करीम लाला 2002 मध्ये, चांगला पिकल्या वयात. वरदराजन, ज्याचा माटुंगा स्टेशनबाहेरचा गणपती तुमच्यातल्या मुंबईकरांना आठवत असेल, तो 1988 मध्ये मद्रासला. तिघंही गोळी न लागता गेले. पडद्याला हे सोसत नाही. 2010 मध्ये मस्तानची आठवण करून देणारा डॉन आला, त्यालाही भर सभेत गोळी घातली.

याचं कारण मला असं वाटतं की आपल्या गुंडाचा न्याय आई करते. ‘वास्तव’मध्ये तर रीमा लागू स्वतः पिस्तूल उचलते. आई आधीची पिढी. तिच्या डोळ्यांदेखत निकाल लागायचा तर पोरगा तरुणच मरायला हवा. मुलीनं न्याय करायचा तर बापाला तेवढं जगावं लागतं. एक अपवाद आहे, 1987 चा ‘नायकन’. बत्तीस वर्षांचा कमल हासन त्यात म्हातारा होतो, मुलगी घर सोडून जाते, आणि शेवटी तिचा मुलगा आजोबांना विचारतो, तुम्ही चांगले की वाईट? म्हातारा म्हणतो, माहीत नाही. पण मणिरत्नमलाही पुढे राहवत नाही, कोर्टाच्या दाराशी गोळी येतेच.

वेळ झाल्याची चिठ्ठी आलीय. एकच प्रसंग सांगतो, मला या सगळ्यांत सगळ्यात जवळचा. 1954 चा फ्रेंच सिनेमा, जॅक बेकरचा ‘तुशे पा ओ ग्रिस्बी’. पन्नाशीचा ज्याँ गाबँ, सोनं लुटून धंद्यातून निवृत्त व्हायच्या बेतात असलेला माक्स. त्याच्या दोस्तानं, रितोंनं, एका तरुण पोरीपुढे बढाई मारून सगळं धोक्यात आणलंय. माक्स त्याला लपवायला घरी आणतो. आपण वाट बघतो की आता मारतो की काय. माक्स टोस्ट काढतो, त्यावर मांसाचा लगदा लावतो, वाईन ओततो. डोळ्यांखाली बघ काय झालंय, म्हणून त्याला वयाची आठवण करून देतो. मग कपाटातून टॉवेल काढतो, घडी घातलेला पायजमा काढतो, नवा टूथब्रश काढतो आणि मित्राच्या हातात देतो. शहरभर माणसं त्यांच्या मागावर आहेत. रितों आरशात स्वतःच्या डोळ्यांखालची कातडी बोटानं चाचपतो. माक्स दात घासतो, दिवा घालवतो आणि झोपतो.